रेनडिअर बघायला जाताना मालकाला काय विचारावं?

पत्र

ताई, आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला राहतो. डिसेंबरात सासू-सासरे सांगलीहून पहिल्यांदाच येतायत, तीन आठवड्यांसाठी. त्यांना उत्तरेला लॅपलँडला न्यायचं ठरलंय. मुलगी सात वर्षांची आहे, तिला रेनडिअरच्या पाठीवर बसायचंय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, गुडघे दुखरे, आणि मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून त्यांनी फोनवरच जाहीर केलंय, ‘मुक्या जनावराला जुंपून मजा मारायला मी येणार नाही.’ नवऱ्याने रोवानिएमीचं एक पॅकेज शोधलंय: बसने नेणार, रेनडिअरने ओढायची बर्फावरची गाडी, हस्की कुत्रे, तंबूत जेवण, सगळं अर्ध्या दिवसात. मला तिथून साठेक किलोमीटरवर एका कुटुंबाचं छोटं फार्म सापडलंय. ते स्वतःला ‘एथिकल’ म्हणवतात आणि दुप्पट पैसे घेतात. नवरा म्हणतो, एथिकल हा शब्द फक्त दर वाढवायला असतो. (शिवाय त्याला त्याचा नवा ड्रोन उडवायचाय!) लहान फार्म म्हणजे चांगलंच असतं का? नक्की काय बघायचं आणि काय विचारायचं?

मधल्यामध्ये अडकलेली, एस्पो

उत्तर

प्रिय मधल्यामध्ये अडकलेली,

आधी नवऱ्याची बाजू घेते, म्हणजे पुढचं त्याला वाचून दाखवता येईल. ‘एथिकल’ ही पाटी कुणीही लावू शकतं, आणि लहान असणं हा काही गुण नव्हे. चार रेनडिअर, एक कुंपण, भाड्याने आणलेला झगमगीत पोशाख आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांची रीघ, हेही लहानच फार्म झालं की. उलट मोठ्या कंपनीच्या बसने गेलेली माणसंसुद्धा कधीकधी एखाद्या खऱ्या पशुपालकाच्या अंगणात उतरतात.

म्हणून आकार बाजूला ठेव. तिथे पर्यटक हा मुख्य धंदा आहे की जोडधंदा, एवढंच बघ. ज्यांचं पोट रेनडिअर पाळण्यावर आहे आणि पाहुणे हा हिवाळ्यातला वरखर्च भागवायचा मार्ग आहे, अशा घरी जा. तुझ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मग तिथेच मिळतील.

हे समजायला तिकडचं वर्ष कसं जातं ते थोडं माहीत हवं. फिनलंडचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भूभाग, सगळा उत्तरेकडचा, कायद्यानेच रेनडिअर-पालनाचा प्रदेश आहे. त्याचे 54 विभाग आहेत. प्रत्येक विभागाला पालिस्कुंता म्हणतात, म्हणजे तिथल्या पशुपालकांची सहकारी मंडळी. चरायची हद्द मंडळीची, जनावर मात्र ज्याचं त्याचं. कानाच्या कडेला खाचा पाडून मालकाची खूण केलेली असते. ती खूण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि जाणती माणसं पळत्या कळपातसुद्धा ती ओळखतात. एका मालकाने जास्तीत जास्त किती रेनडिअर ठेवावीत यालाही कायद्याची मर्यादा आहे: दक्षिणेकडच्या विभागांत 300, उत्तरेकडे 500. हिवाळ्यात सगळी मिळून दोन लाखांच्या आसपास असतात.

मे महिन्यात माद्या वितात. जून-जुलैत, डास अंगावर तुटून पडत असताना आणि सूर्य मावळतच नसताना, रात्रभर जागून नव्या पिल्लांच्या कानांवर खुणा केल्या जातात. रात्री, कारण दिवसा जनावराला उष्मा सोसत नाही. उन्हाळाभर कळप रानात आणि डोंगरमाथ्यांवर मोकळा असतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर नरांचा माज. त्यानंतर जानेवारीपर्यंत कधी मोटारस्लेजवरून, कधी पायी, कळप वळवून मोठ्या वाड्यात आणायचे, कुणाचं कोणतं ते वेगळं करायचं, कोणतं ठेवायचं आणि कोणतं कापायला पाठवायचं ते ठरवायचं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारा फलटणकडचा धनगर कळपाबरोबर पाऊल-पाऊल चालतो. इथे उलटं आहे. जनावर आपल्या मनाने चरत जातं आणि माणूस त्याचा माग काढत हिंडतो.

म्हणजे फार्मवर तुम्हाला दिसतील ती दहा-वीस रेनडिअर हा सगळ्या संसाराचा एक कोपरा. तेव्हा तुझा पहिला प्रश्न हा असू दे: ‘बाकीची जनावरं सध्या कुठे आहेत?’ खऱ्या पशुपालकाला हा विचारलास तर तो थांबणार नाही. कुठल्या ओढ्यापलीकडे आहेत, यंदा बर्फ कसा पडला, वोल्व्हरीन नावाच्या शिकारी जनावराने किती नेली, जवळच्या जंगलतोडीने काय केलं, सगळं ऐकायला मिळेल. ‘बाकीची म्हणजे? एवढीच आहेत’ असं उत्तर आलं तर तो प्राण्यांचा बगीचा आहे असं समज. तोही स्वच्छ आणि प्रेमाने चालवलेला असू शकतो, पण त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नकोस.

इथे एक सावधगिरी सांगते. ‘कुठे आहेत’ विचार, पण ‘तुमची एकूण किती’ हे विचारू नकोस. तिकडे ते अगदी असभ्य समजतात, समोरच्याने बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं वाटतं. आपल्याकडे पहिल्या भेटीत पगार आणि शेतीचे एकर विचारून होतात, त्यामुळे सासऱ्यांना हे निघण्याआधी नीट समजावून सांग. सांगलीकडचा माणूस जनावर बघून दावणीला किती आहेत हे विचारल्याशिवाय राहील असं मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न गाडी ओढणाऱ्यांबद्दल: ‘एक जनावर दिवसात किती फेऱ्या करतं, आणि कामाला नसतं तेव्हा काय करतं?’ चांगल्या ठिकाणी उत्तर ठोस येतं. आज ही तीन जुंपलेली आहेत, ती दोन काल होती म्हणून आज मोकळी, वसंतात सगळ्यांना रानात सोडतो, वगैरे. तिसरा प्रश्न: ‘एका वेळी किती पाहुणे घेता?’ त्या दुप्पट दराचं कोडं बहुधा इथेच सुटेल. सहा-आठ माणसांना दोन तास देणारा आणि चाळीस जणांना वीस-वीस मिनिटांत फिरवणारा यांचे दर सारखे असूच शकत नाहीत. नवऱ्याला हा हिशेब मांडून दाखव, तो नाही म्हणणार नाही.

हे तीन प्रश्न दोन्ही ठिकाणी साध्या इंग्रजीत ईमेलने पाठव. लहान फार्मकडून उत्तर यायला आठवडा लागला तर रागावू नकोस. नोव्हेंबर-डिसेंबर हे कळप गोळा करायचे दिवस. ‘आम्ही वाड्यावर होतो म्हणून उशीर झाला’ असं उत्तर आलं तर मी तरी लगेच पैसे भरीन.

आता सासूबाई. त्यांची शंका मला मनापासून आवडली, आणि तिला ‘अहो, काही नाही होत त्यांना’ असं गुळमुळीत उत्तर देऊ नकोस. खरं काय आहे ते सांग.

गाडीला जुंपतात ते बहुतेक खच्ची केलेले नर असतात, आपल्या बैलांसारखेच. खच्ची न केलेला नर माजावर आला की कुणाला आवरत नाही. शिकवायला साधारण दोन-तीन वर्षांचा असताना सुरुवात होते. आधी दोराची सवय, मग रिकामी गाडी, मग ओझं, आणि सगळी जनावरं तयार होतातच असं नाही. ज्यांचा स्वभाव नाही त्यांना सोडून देतात. पिढ्यान्‌पिढ्या हे जनावर बर्फावरून सरपण, गवत, टपाल आणि माणसं ओढत आलंय. मोटारस्लेज आल्या त्या 1960 च्या दशकात, त्यानंतर हे काम जवळपास पर्यटकांपुरतंच उरलं. त्यामुळे ओढणं हे मुळात क्रौर्य आहे असं मी म्हणणार नाही. किती वेळ, किती वजन आणि कोणाच्या हाताखाली, हे बघायचं.

थंडीची काळजी तर सासूबाईंनी करूच नये. रेनडिअरच्या अंगावरचे केस आतून पोकळ असतात, त्यात हवा कोंडून राहते. उणे तीसमध्ये ते बर्फात निवांत बसून रवंथ करतं. त्याला त्रास होतो तो उकाड्याचा. म्हणून जुलैत कुणी ऊन तापलेल्या मोकळ्या पटांगणात, सावली नसताना, रेनडिअर बांधून फोटो काढू देत असेल तर तिथे मात्र सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. नाताळात एखाद्या शॉपिंग मॉलच्या दारात दिव्यांच्या झगमगाटात उभं केलेलं रेनडिअर दिसलं तरी तेच म्हणेन.

तिथे पोचल्यावर लगेच गाडीत बसू नका. पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा. काम नसलेली जनावरं आडवी पडून रवंथ करतायत का? नको असेल तेव्हा माणसांपासून लांब जाण्याइतकी जागा त्यांना आहे का? पायाखालचा बर्फ स्वच्छ आहे की मूत्राने पिवळा होऊन घट्ट झालेला? पट्ट्याखाली केस झिजून कातडी दिसतेय का? गाडीपुढचं जनावर तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकतंय का? हिवाळ्यात कुंपणात ठेवलंय एवढ्यावरून मात्र नाक मुरडू नका. बर्फावर पाऊस पडून पुन्हा गोठला की खालच्या दगडफुलावर, म्हणजे रेनडिअरच्या हिवाळ्यातल्या चाऱ्यावर, काचेसारखा थर बसतो आणि खुराने उकरूनही तोंडाला काही लागत नाही. असे हिवाळे आता वारंवार येतात. 2019-20 च्या हिवाळ्यात तर बर्फाचे थर इतके जाड होते की फिनलंडमध्ये रानात पुष्कळ रेनडिअर दगावली. तेव्हा गवत आणि गोळी-पेंड घालून वाड्यात सांभाळणं हा कोंडमारा नव्हे, जगवणं आहे.

एक गोष्ट सासूबाईंच्या नजरेला खुपेल, म्हणून आधीच सांगून ठेव. गाडीच्या काही रेनडिअरची शिंगं छाटलेली दिसतात. शिंगावरची मखमली कातडी गळून गेली की आतलं हाड मेलेलं असतं. तेव्हा छाटलं तर दुखत नाही, आणि पाहुण्यांच्या किंवा शेजारच्या जनावराच्या डोळ्यात टोक जात नाही. उन्हाळ्यात मखमल असताना मात्र शिंग जिवंत असतं, रक्त खेळत असतं. त्या दिवसांत कुणी शिंग धरून फोटो काढायला सांगितलं तर तिथून निघावं. खरं तर कुठल्याही ऋतूत शिंगांना आणि डोक्याला हात लावू नये. हे कुत्र्या-मांजरासारखं कुरवाळून घेणारं जनावर नाही, अर्धं रानटीच आहे. हातावरचं दगडफूल खाईल, आणि खाऊन झालं की पाठ फिरवेल.

आता अवघड भाग. हे कुटुंब रेनडिअर मांसासाठी पाळतं. कळपातली कापली जाणारी बहुतेक जनावरं त्याच वर्षीची पिल्लं असतात, आणि तुम्ही जाल तेव्हा तो हंगाम चालू असेल किंवा नुकताच आटोपलेला असेल. फार्मवाला हे विचारल्यावर सरळ सांगतो का, हीसुद्धा माझ्या लेखी एक कसोटी आहे. ‘आमची सगळी रेनडिअर म्हातारपणापर्यंत आनंदात जगतात’ असं ऐकू आलं तर एकतर ते पशुपालक नाहीत, किंवा तुम्हाला आवडेल ते बोलतायत. तंबूत बसायला रेनडिअरचं कातडं अंथरलेलं असेल. सासऱ्यांच्या पूजेत मृगाजिन असेल तर त्यांना वावगं वाटणार नाही, सासूबाईंना वाटलं तर एक जाड घोंगडी मागून घे, कुणी कारण विचारत नाही. जेवणात बटाट्याच्या लगद्यावर परतलेलं रेनडिअरचं मांस आणि लिंगनबेरीचा मुरंबा, पोरोन्कॅरिस्तुस, हा तिथला नेहमीचा बेत. तो शेजारच्या ताटात दिसणारच. हे सगळं ऐकून ‘मग मी नाहीच येत’ म्हणाल्या तर तो त्यांचा पूर्ण हक्क आहे, ओढून नेऊ नका. रोवानिएमीत आर्क्टिकुम नावाचं संग्रहालय आहे, 1992 पासूनचं. उबदार आहे, बसायला जागा आहे, आणि उत्तरेकडची माणसं आणि निसर्ग दोन्ही तिथे नीट मांडलेत. त्या आणि सासरे तिथे सकाळ घालवतील, तुम्ही तिघं फार्मवर जा. पण मला वाटतं, खरं सांगितलंत तर त्या येतील. व्हिडिओतल्या चाबकाची त्यांना भीती वाटतेय. जनावर पाळणारं घर त्यांना नवीन नसावं.

शाकाहाराबद्दल फार्मला आधीच लिही, आणि तीनदा लिही: मांस नको, मासे नकोत, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूपही नको. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलंस तर एखादा भला माणूस प्रेमाने सॅल्मनचं सूप पुढे करेल. जाळावर भाजलेली धिरडी, वेलदोड्याचा वास येणारे पाव, गरम बेरीचं सरबत आणि काळी कॉफी मात्र सगळीकडे मिळते. दाताखाली कुरकुरणारं एक भाजकं चीज असतं, त्यावर पिवळ्या क्लाउडबेरीचा मुरंबा घालतात. सासूबाई रेनेट (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या जठरातला पदार्थ) टाळत असतील तर ते चीज नको, नाहीतर ते चुकवू नका.

मुलीला काय सांगशील? पाठीवर बसायचं नाही, हे आधीच घरी सांग, तिथे रडारड नको. मंगोलियाच्या उत्तरेकडचे दुखा लोक आणि सैबेरियातले काही समाज रेनडिअरवर बसून फिरतात हे खरं आहे, पण ती जनावरं त्यासाठी तयार केलेली असतात. लॅपलँडमध्ये तशी रीत नाही. कुणी ‘लहान मूल आहे, बसू दे’ म्हणून उचलून बसवायला लागलं तर तू नको म्हण. त्याऐवजी तिला काम दे. चालताना रेनडिअरच्या पायातून टक्‌-टक्‌ असा आवाज येतो, पायातली शीर हाडावरून सरकते त्याचा. तो सगळ्यांत आधी कोणाला ऐकू येतो बघ म्हणावं. डोळ्यांत नीट बघायला सांग. उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांची आतली चमक सोनेरी असते आणि हिवाळ्यातल्या अंधारात ती निळी होते. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, गाईसारखेच, त्यामुळे हातावर दगडफूल धरताना चावेल अशी भीती नको. आणि डिसेंबरात मोठ्या नरांची शिंगं गळून गेलेली असतात, माद्यांची मात्र विण्यापर्यंत टिकतात, खच्ची नरांचीही बरीच टिकतात. तेव्हा नाताळच्या चित्रातले शिंगवाले रेनडिअर कोण असतील हे तिचं तिला काढू दे. आजोबांना हा प्रश्न घालायला तिला फार मजा येईल.

सामी लोकांबद्दल, म्हणजे तिकडच्या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांबद्दल, तू काही विचारलं नाहीस, पण पॅकेजमध्ये ‘तंबूत जेवण’ वाचून मला सांगावंसं वाटतं. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क बहुतांशी सामींचाच आहे. फिनलंडमध्ये तसं नाही. त्या प्रदेशात कायम राहणारा युरोपीय संघाचा कुठलाही नागरिक रेनडिअरचा मालक होऊ शकतो. फिनलंडमधला सामींचा अधिकृत प्रदेश म्हणजे उत्स्योकी, इनारी, एनोन्तेकिओ आणि सोदांकुलाचा उत्तर भाग. रोवानिएमी त्याच्या बरंच खाली आहे. म्हणजे तुला सापडलेलं कुटुंब बहुधा फिनिश असेल, कदाचित कित्येक पिढ्यांचं पशुपालक. त्यात काहीच खोटं नाही. खोटं तेव्हा होतं, जेव्हा सामी नसलेला माणूस सामींचा निळा-लाल पोशाख घालून ढोल बडवतो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडल्याचा काहीतरी ‘विधी’ करून पाहुण्यांच्या कपाळाला काजळी फासतो. सामी पोशाखावरून, गाक्तीवरून, माणूस कुठल्या भागातला, कुठल्या घरातला हे कळतं. तो नाटकाचा पोशाख नाही. या प्रकारांना कंटाळूनच इनारीतल्या सामी संसदेने 2018 मध्ये पर्यटनासाठी नैतिक तत्त्वं जाहीर केली. पॅकेजच्या जाहिरातीत शामान, विधी, जादूचा ढोल असं काही दिसलं तर ते रद्द करायला मला तेवढं एक कारण पुरेल. आणि ‘लॅप’ हा शब्द कुणाच्या तोंडून जाऊ देऊ नका, त्यांना तो अपमानाचा वाटतो.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. डिसेंबरअखेर रोवानिएमीत सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास दिसतो, तोही क्षितिजाला टेकलेला. तेव्हा फार्मची वेळ अकराच्या सुमाराची घे, म्हणजे जनावर दिसेल तरी. तिकिटं अजून काढली नसतील तर मार्च सुचवला असता, उजेड भरपूर आणि बर्फ तसाच. पण सासू-सासऱ्यांच्या तारखा आपल्या हातात नसतात हे मला माहीत आहे. सांताक्लॉजच्या गावात मुलीला वेगळं ने. आत जायला पैसे पडत नाहीत, फोटोचे पडतात. ते आणि फार्म एकाच दिवशी कोंबू नकोस.

रेनडिअरची गाडी बर्फाला लागून, अगदी खाली असते. दुखऱ्या गुडघ्यांनी तीत बसणं जमेल, उठणं अवघड जाईल. बाकासारखी उंच गाडी आहे का ते विचार, नसेल तर त्यांना शेकोटीजवळच बसू दे. मोठी माणसं एका गाडीत दोनच. एकामागे एक बांधलेल्या गाड्या चालण्याच्या वेगाने जातात, कुणी पळवत नाही, कुणी पळवावी अशी अपेक्षाही ठेवू नका. अंगाला लागून लोकर हवी. सुती बनियन घामाने ओलं झालं की थंडी आत शिरते. बूट एक माप मोठे, आत दोन मोजे सैल मावतील असे. वरचे जाड ओव्हरऑल फार्मवर मिळतात का ते विचार, विकत घेण्यात अर्थ नाही. सासऱ्यांना दमा किंवा हृदयाचं काही असेल तर उणे पंचवीसच्या हवेबद्दल सांगलीतच डॉक्टरांना विचारून यायला सांग.

हेलसिंकीहून रात्रीची रेल्वेगाडी बारा तासांच्या आसपास घेते आणि स्वतःची मोटारही तिच्यावर चढवता येते. डिसेंबरातल्या झोपायच्या जागा लवकर संपतात, हे पत्र वाचून झाल्यावर आधी ते काम कर. तिथून पुढचे साठ किलोमीटर अंधारात आणि बर्फावर स्वतः चालवणार असाल तर सावकाश. रेनडिअर रस्त्यावर मीठ चाटायला येतात, एक दिसलं की मागे चार असतात, आणि हॉर्नला ते दाद देत नाहीत. फिनलंडमध्ये दरवर्षी हजारो रेनडिअर गाड्यांखाली मरतात. 2014 मध्ये पशुपालकांनी शिंगांना चमकणारा रंग लावून पाहिला होता, तरी प्रश्न आहे तसाच आहे. धडक बसलीच तर 112 ला फोन करायचा, जनावर उठून पळालं तरीही. न्यायला गाडी पाठवाल का, असं फार्मला विचारलंस तर बरंच सोपं होईल.

राहता राहिला ड्रोन. तो एस्पोलाच राहू दे. डिसेंबरात माद्या गाभण असतात आणि अंगातल्या चरबीवर हिवाळा काढत असतात. डोक्यावर घोंगावणारं काही आलं की सगळा कळप उधळतो आणि ती चरबी पळण्यात जाते. बरेच पशुपालक आता स्वतःच ड्रोन वापरतात, हरवलेली जनावरं शोधायला आणि कळप वळवायला, त्यामुळे तो आवाज आला की पळायचं हे काही ठिकाणी जनावरांना पक्कं शिकवलेलं असतं. फार्मच्या मालकाकडे असलं चित्रण असेल तर नवऱ्याने त्याला ते दाखवायला सांगावं. कॉफीचा दुसरा कप येईपर्यंत दोघांचं जमलेलं असेल.